गोठणरोधी द्रावणाच्या स्प्रिंकलर यंत्रणेतील प्रसरण टाकीचे आकारमान : एक विवेचन

प्रस्तावना

छताखालून फिरविलेले पाइपांचे जाळे, त्यात दाबाखाली भरून ठेवलेले पाणी आणि ठरावीक तापमान गाठताच आपोआप उघडणाऱ्या तोट्या, एवढीच स्वयंचलित स्प्रिंकलर यंत्रणेची मूळ रचना आहे. या रचनेचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. आग लागल्यावर कोणी कळ दाबण्याची वाट तिला पाहावी लागत नाही. परंतु जेथे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली उतरते तेथे हाच साधेपणा अडचणीचा ठरतो. पाइपात साचलेले पाणी गोठते, गोठताना फुगते आणि पाइप किंवा जोड फोडते. महाराष्ट्रात वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी होते. येथील इमारतींना हा प्रश्न उणे १८ अंशांच्या शीतगृहांपुरताच भेडसावतो. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत मात्र न तापविलेले माळे, वाहनतळ, माल चढविण्या-उतरविण्याचे ओटे अशा सर्व जागी तो दर हिवाळ्यात उभा राहतो. त्यावर तेथे जे उपाय रूढ झाले, त्यांपैकी एक म्हणजे पाइपांत निव्वळ पाण्याऐवजी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळलेले गोठणरोधी द्रावण भरणे होय.

या उपायाने गोठण्याचा प्रश्न सुटतो. पण द्रावण उन्हाळ्यात प्रसरण पावते आणि त्याला जागा लागते. ही जागा देणारी वस्तू म्हणजे प्रसरण टाकी. तिचा आकार कसा ठरवावा, आणि वरवर पाहता सोप्या असणाऱ्या या गणितात चूक नेमकी कोठे शिरते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यासाठी लागणारे भौतिकशास्त्र कनिष्ठ महाविद्यालयाच्या पुस्तकातील आहे. घनतेची व्याख्या आणि बॉईलचा नियम यांपलीकडे त्यात काहीही नाही.

प्रश्न कसा निर्माण झाला

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या १८९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे १३ क्रमांकाचे मानक स्प्रिंकलर यंत्रणांच्या उभारणीसाठी प्रमाण मानले जाते. गोठणरोधी यंत्रणेची जुनी मांडणी त्यात दाखविलेली आहे. पाणीपुरवठ्याचा पाइप आणि द्रावणाचे जाळे यांच्यामध्ये सुमारे दीड मीटर खाली उतरणारा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा वळसा असे, म्हणजे पाण्याहून जड असलेले द्रावण खाली राहून दोहोंची सहज सरमिसळ होत नसे. त्या वळशात एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारी झडप असे, आणि त्या झडपेच्या पाकळीला ०.८ मिलिमीटर व्यासाचे एक बारीक छिद्र पाडलेले असे. उन्हाळ्यात द्रावण फुगले की त्याचा जादा भाग या छिद्रातून हळूहळू पुरवठ्याच्या बाजूला परत जाई. सुईच्या अग्राएवढे हे छिद्र साऱ्या यंत्रणेचे दाबापासून संरक्षण करीत होते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पुढे पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेचा विचार अधिक कठोर झाला. स्प्रिंकलरमधील द्रावण शहराच्या पाण्यात परत जाऊ नये यासाठी बॅकफ्लो प्रिव्हेंटर, म्हणजे उलटा प्रवाह पूर्णपणे रोखणारे दुहेरी झडपांचे उपकरण, बसविणे बंधनकारक होत गेले. या उपकरणाच्या पाकळीला छिद्र ठेवता येत नाही. ठेवले तर त्याचा हेतूच उरत नाही. एका सुरक्षिततेसाठी केलेल्या या सुधारणेने दुसऱ्या सुरक्षिततेची वाट बंद केली. जाळे आता दोन्ही बाजूंनी बंदिस्त झाले. अशा यंत्रणेत योग्य आकाराची व योग्य दाबाने हवा भरलेली प्रसरण टाकी आवश्यक ठरते ती या कारणाने.

टाकी नसल्यास दाब किती वाढतो

द्रव पदार्थ दाबाखाली जवळजवळ आक्रसत नाहीत, हे सर्वांस ठाऊक असते. मात्र त्याचा व्यावहारिक अर्थ किती तीव्र आहे याची कल्पना क्वचित असते. ग्लायकॉलयुक्त द्रावण दर अंशाला सुमारे दहा हजारात चार ते पाच भाग फुगते. पोलादी पाइप त्याच्या तुलनेत फारच कमी फुगतो. संपूर्ण भरलेल्या, हवेचा बुडबुडाही नसलेल्या पोलादी जाळ्यात तापमान केवळ एका अंशाने वाढले तरी दाब सात ते आठ बारने वाढू शकतो. स्प्रिंकलर यंत्रणेचे बहुतेक भाग १७५ पीएसआय, म्हणजे सुमारे १२ बार दाबासाठी प्रमाणित असतात. पुरवठ्याचा दाब ६ बार असेल, तर सकाळच्या उन्हाचा पहिला चटकाच ही मर्यादा ओलांडावयास पुरेसा आहे.

मग टाकीविना वा अपुऱ्या टाकीनिशी उभ्या असलेल्या यंत्रणा पहिल्याच उन्हाळ्यात का फुटत नाहीत? याचे उत्तर पाइपांच्या उंच टोकांशी अडकून राहिलेल्या हवेत आहे. ही हवा नकळत प्रसरण टाकीचे काम करीत असते. परंतु दाबाखालील हवा द्रवात हळूहळू विरघळते, आणि दुरुस्तीच्या वेळी यंत्रणा पुन्हा भरताना ती बाहेरही काढली जाते. त्यामुळे काही वर्षे निर्वेध चाललेली यंत्रणा एखाद्या वर्षी अकस्मात गळू लागते आणि दोष जोडाच्या किंवा तोटीच्या माथी मारला जातो. उभारणीच्या वेळी २०० पीएसआय, म्हणजे सुमारे १४ बार दाबाने घेतली जाणारी दोन तासांची चाचणीही येथे उपयोगी पडत नाही. दोन तासांत ऋतू बदलत नाहीत.

प्रसरणाचे आकारमान

टाकीत किती द्रावणाला जागा द्यावयाची, याचे सूत्र उपरोक्त मानकात दिलेले आहे. शब्दांत सांगावयाचे तर :

वाढीव आकारमान = जाळ्याचे आकारमान × (नीचतम तापमानाची घनता ÷ उच्चतम तापमानाची घनता − १)

उदाहरणादाखल ओहायो राज्यातील एका न तापविलेल्या माळ्याचा विचार करू. जाळ्यात २०० लिटर ग्लायकॉलयुक्त द्रावण आहे. हिवाळ्यात माळ्याचे तापमान उणे १५ अंशांपर्यंत उतरते. उन्हाळ्यात छपराखाली ते ५० अंशांपर्यंत चढते. दोन्ही टोकांची घनता गोळाबेरजेने अनुक्रमे १.०५ व १.०२ धरू. (प्रत्यक्ष गणनेत ही मूल्ये त्या विशिष्ट द्रावणाच्या उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावयास हवीत.) १.०५ ला १.०२ ने भागून १ वजा केल्यास ०.०२९४ उरतात आणि त्यांस २०० ने गुणल्यास ५.८८ लिटर हे उत्तर मिळते.

येथपर्यंत मतभेदास वाव नाही. मात्र येथेच एक शंका उपस्थित केली जाते आणि ती वरकरणी रास्तही वाटते. यंत्रणा जर ऑक्टोबरमध्ये १५ अंश तापमानाला भरली असेल, तर प्रसरण १५ ते ५० या अंतराचेच मोजावे. उणे १५ पासून मोजण्याचे कारण काय? १५ अंशांची घनता १.०३५ धरल्यास या हिशेबाने वाढीव आकारमान २.९४ लिटर, म्हणजे बरोबर निम्मे येते. टाकी निम्मी, खर्चही कमी.

या शंकेचे उत्तर झडपेच्या एकदिश स्वभावात आहे. ऑक्टोबरमध्ये भरलेले द्रावण जानेवारीत आकसते. उपरोक्त उदाहरणात ही घट सुमारे २.८६ लिटरची आहे. आकसल्यामुळे जाळ्यातील दाब पुरवठ्यापेक्षा खाली जाऊ लागतो, तेव्हा झडप उघडते आणि तेवढे पाणी बाहेरून आत येते. ही वाट आत येण्यासाठी खुली आहे, बाहेर जाण्यासाठी नाही. मे-जूनमध्ये द्रावण पुन्हा फुगते तेव्हा हिवाळ्यात आत आलेले पाणीही तेथेच असते. सायकलचे फ्रीव्हील जसे एका दिशेने फिरते आणि दुसऱ्या दिशेने अडते, तसेच येथे घडते. पहिला हिवाळा उलटला की यंत्रणा कोणत्या तापमानाला भरली होती या गोष्टीला अर्थ उरत नाही. ती जणू हिवाळ्याच्या सर्वांत थंड रात्री काठोकाठ भरली आहे, असेच समजावे लागते. मानकातील सूत्रात नीचतम तापमानाची घनता घेतली आहे ती यामुळे, अतिरिक्त सावधगिरी म्हणून नव्हे.

२.९४ लिटरच्या हिशेबाने निवडलेल्या टाकीची नंतरची अवस्था पुढील गणिताने स्पष्ट होईल.

टाकीचे एकूण आकारमान

प्रसरण टाकीत मधोमध एक रबरी पडदा असतो. एका बाजूस द्रावण, दुसऱ्या बाजूस आगाऊ भरलेली हवा. द्रावण आत शिरते तसतशी हवा दाबली जाते आणि तिचा दाब बॉईलच्या नियमानुसार वाढतो. म्हणून ५.८८ लिटर सामावून घेण्यासाठी ५.८८ लिटरची टाकी पुरत नाही. ती तेवढी भरण्यापूर्वीच हवेचा दाब मर्यादा ओलांडून गेलेला असतो. टाकीवर छापलेले आकारमान आणि तिची प्रत्यक्ष स्वीकारक्षमता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हवेचा आगाऊ दाब, जाळ्यातील आरंभीचा दाब आणि अनुज्ञेय कमाल दाब ही तीन मूल्ये निरपेक्ष मापाने, म्हणजे दाबमापकाच्या आकड्यात वातावरणाचा सुमारे १ बार मिळवून घ्यावीत. मग :

टाकीचे आकारमान = वाढीव आकारमान ÷ (आगाऊ दाब ÷ आरंभीचा दाब − आगाऊ दाब ÷ कमाल दाब)

पुरवठ्याचा दाब ६ बार, म्हणजे निरपेक्ष ७. कमाल दाब १२ बार, म्हणजे निरपेक्ष १३. आणि टाकीतील हवा पुरवठ्याइतक्याच, म्हणजे निरपेक्ष ७ बार दाबाने भरलेली, असे धरल्यास भाजक १ वजा ०.५३८, म्हणजे ०.४६२ येतो. ५.८८ ला त्याने भागल्यास टाकी सुमारे १२.७ लिटरची हवी.

आता वर सोडून दिलेल्या शंकेकडे परत वळू. २.९४ लिटर धरणाऱ्याची टाकी ६.४ लिटरची येईल. तिच्यात उन्हाळ्यात प्रत्यक्षात ५.८८ लिटर शिरू पाहतील. हवेला अर्धा लिटर जागा उरेल आणि कागदावर दाब ९० बारच्या घरात जाईल. प्रत्यक्षात तो तेथवर पोचत नाही, कारण त्याआधीच कोठेतरी गॅस्केट, जोड किंवा तोटीची बैठक हार मानते.

आगाऊ दाबाचे महत्त्वही याच सूत्रातून कळते. घरगुती गरम पाण्याच्या यंत्रणेसाठी बनविलेल्या टाक्या बहुधा ४० पीएसआय, म्हणजे ३ बारच्या आसपास हवा भरून कारखान्यातून येतात. तशीच टाकी हवा न वाढविता बसविल्यास आगाऊ दाब निरपेक्ष ४ बार धरावा लागतो आणि त्याच कामासाठी १२.७ ऐवजी २२.३ लिटरची टाकी लागते. कारण उघड आहे : पुरवठ्याचे पाणी जोडताच ६ बारचा दाब त्या हवेला आक्रसून टाकीचा बराच भाग आधीच व्यापून टाकतो. शिवाय अशा अनेक टाक्यांची स्वतःची मर्यादा १५० पीएसआय, म्हणजे १० बारच असते. तेव्हा १२ बार हा कमाल दाब धरून केलेले गणित त्यांना लागूच होत नाही. हवेचा दाब तपासावयाचा तो टाकीच्या द्रावणाकडील बाजूस दाब नसताना. यंत्रणा भरलेली असताना हवेच्या तोंडाला लावलेला मापक द्रावणाचाच दाब दाखवितो आणि तपासणाऱ्यास सारे ठीक असल्याचा भास होतो.

आरंभीचा दाब कोणता धरावा

प्रस्तुत विषयात सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा मुद्दा हा असावा. स्प्रिंकलरची जलगणना करणारा अभियंता पुरवठ्याचा दाब सावधपणे, म्हणजे कमीत कमी किती मिळेल हे पाहून धरतो, आणि आग विझविण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तोच आकडा प्रसरण टाकीच्या गणितात नेला की मात्र सावधगिरीचे रूपांतर धोक्यात होते. शहराच्या नळाला दिवसा ६ बार दाब असेल तर मध्यरात्री, मागणी ओसरल्यावर, तो ९ बारही होऊ शकतो. पंप चालू झाल्याने क्षणभर उसळी आली तरी तीच गोष्ट. झडप हा वाढीव दाब आत घेते. सकाळी पुरवठ्याचा दाब उतरला तरी जाळ्यातील दाब उतरत नाही. आकारमानाच्या बाबतीत झडप सर्वांत थंड रात्र लक्षात ठेवते, तर दाबाच्या बाबतीत सर्वांत जोराची रात्र.

उदाहरणातील १२.७ लिटरची, ६ बार हवेची टाकी अशा ठिकाणी बसविली तर रात्रीचे ९ बार तिच्यातील हवा ८.९ लिटरपर्यंत दाबतात. त्यानंतर ५.८८ लिटर द्रावण आत आल्यास हवा ३ लिटर उरते आणि दाब २८ बारवर जातो. टाकीचे गणित ९ बार धरूनच करावयास हवे होते. तसे केल्यास, व हवाही ९ बारने भरल्यास, टाकी सुमारे २५.५ लिटरची लागते. दाब केवळ दीडपट, टाकी मात्र दुप्पट. पुरवठ्याचा दाब मर्यादेच्या जवळ सरकतो तसतसे हे प्रमाण झपाट्याने बिघडते, आणि ११ बारच्या पुढे तर टाकी मोठी करण्यापेक्षा पुरवठ्यावर दाबनियंत्रक व्हॉल्व्ह बसविणे शहाणपणाचे ठरते. टाकीची जागाही विचारात घ्यावी. ती माळ्यावरच ठेवल्यास उणे १५ ते ५० अंशांच्या प्रवासात तिच्यातील हवाही तापून दाब वाढवते. व्हॉल्व्हच्या उबदार खोलीत ठेवल्यास हा भाग जवळजवळ नाहीसा होतो. पाइपांचा सर्वांत खालचा भाग टाकीच्या खाली असेल तर दर दहा मीटरला एक बार याप्रमाणे तेथील दाब अधिक असतो, हेही कमाल दाब ठरविताना वजा करावे लागते.

सुरक्षा व्हॉल्व्ह पुरेसा का नाही

दाब वाढला तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडेल, मग टाकीचा एवढा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. सुरक्षा व्हॉल्व्ह पाइप फुटू देत नाही हे खरे. परंतु तो उघडतो तेव्हा द्रावण बाहेर सांडते. हिवाळ्यात आकसलेल्या जाळ्यात त्याची जागा साधे पाणी घेते. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा द्रावण सांडते, पुन्हा पाणी येते. उपरोक्त २०० लिटरच्या जाळ्यात टाकी नसेल तर दर वर्षी सहा लिटरच्या आसपास अशी अदलाबदल होऊ शकते. काही वर्षांत द्रावण, विशेषतः पुरवठ्याजवळच्या टोकाला, इतके पातळ होते की ते गोठू लागते. पाइप उन्हाळ्यात न फुटता हिवाळ्यात फुटतो, एवढाच फरक. टाकी पुरेशी असेल तर पहिल्या हिवाळ्यात येणारे पाणी एकदाच येते. आणि भरतानाच जाळ्याचा दाब पुरवठ्यापेक्षा थोडा चढा ठेवून टाकीत द्रावणाचा साठा केला, तर तेही टाळता येते. अर्थात हा साठा टाकीच्या गणितात मिळवून घ्यावा लागतो. वार्षिक तपासणीत द्रावणाचे नमुने दूरच्या टोकाचे आणि पाण्याशी जोडलेल्या टोकाचे असे दोन्हीकडचे घेतले जातात, त्यामागे हाच तर्क आहे.

पातळ होण्याच्या या भीतीवर पूर्वी एक सोपा तोडगा काढला जाई : द्रावण मुळातच अधिक तीव्र ठेवावे. त्याची किंमत २००९ साली कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे मोजावी लागली. एका घरातील स्वयंपाकाच्या तेलाच्या आगीवर स्प्रिंकलर उघडला. त्यातील द्रावणात ग्लिसरीनचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. फवारा विझविण्याऐवजी स्वतःच पेटला. एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि दुसरी गंभीर भाजली. त्यानंतर झालेल्या चाचण्यांच्या आधारे २०१० पासून नियम कडक होत गेले; २०१३ च्या आवृत्तीत ग्लिसरीनसाठी ४८ टक्के आणि प्रोपिलीन ग्लायकॉलसाठी ३८ टक्के अशी मर्यादा आली. जुन्या यंत्रणांनाही ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत चाचणीने प्रमाणित झालेली द्रावणे वापरण्याची मुदत देण्यात आली. म्हणजेच तीव्रता वाढवून टाकीच्या अपुरेपणावर पांघरूण घालण्याचा मार्ग आता उरलेला नाही. जे द्रावण आहे ते आहे त्या तीव्रतेला टिकवून धरावे लागते.

लहान टाकीचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. दाबाने गळणारी तोटी छत भिजविते, रहिवासी तक्रार करतात आणि इमारतीचा व्यवस्थापक तात्पुरता म्हणून मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो. आगीच्या वेळी स्प्रिंकलर न चालण्याच्या कारणांत यंत्रणा बंद ठेवलेली असणे हे अमेरिकेतील नोंदींत सातत्याने अग्रस्थानी राहिले आहे.

द्रावण बदलताना

२०२२ च्या मुदतीमुळे असंख्य जुन्या यंत्रणांतील द्रावण काढून नवे भरले गेले. नव्या द्रावणाची घनता तापमानानुसार जुन्याप्रमाणेच बदलते असे नाही. त्यामुळे तेच जाळे, तोच माळा आणि तोच पुरवठा असूनही वाढीव आकारमानाचा आकडा बदलू शकतो. टाकीतील रबरी पडदा नव्या रसायनाला टिकेल का, हेही पाहावे लागते. प्रोपिलीन ग्लायकॉल सीपीव्हीसी पाइपाला दुर्बल करते, या अनुभवावरून अशा विसंगतीचे गांभीर्य लक्षात यावे. द्रावणाचा प्रकार, तीव्रता आणि आकारमान दर्शविणारा फलक मुख्य व्हॉल्व्हजवळ लावण्याची पद्धत मानकाने घालून दिली आहे. त्याच फलकावर टाकीचे एकूण आकारमान, हवेचा आगाऊ दाब, गणनेत धरलेला पुरवठ्याचा सर्वोच्च दाब आणि नीचतम व उच्चतम तापमान हे पाच आकडे लिहून ठेवल्यास, दहा वर्षांनी द्रावण बदलावयास येणाऱ्या तंत्रज्ञाला जुने गणित शोधत बसावे लागणार नाही.